रिकाम्या अँब्युलन्समधून घरी

शब्दांच्या मुळाशी जायची मला खोड आहे. वडशाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल असल्यामुळे कोश हाताशी असतात आणि पुस्तक घ्यायला आलेला माणूस लगेच पळू शकत नाही. त्या आठवड्यात मी 'अँब्युलन्स' हा शब्द धरला होता. मूळ लॅटिन, अर्थ चालणे. फ्रेंचांनी सैन्यामागून चालणाऱ्या दवाखान्याला हे नाव दिलं, पुढे ते गाडीला चिकटलं. स्पेनमध्ये याच मुळाचा शब्द गल्लोगल्ली फिरणाऱ्या विक्रेत्याला लावतात. जर्मनीत तर दवाखान्यात भरती न होता, उपचार घेऊन घरी जाणाऱ्या रोग्याला. हे माझं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं.

शनिवारी दुपारी गावाची बस चुकली. आमच्या गावावरून कुरखेड्याकडे एक अँब्युलन्स रिकामी परत चालली होती आणि तिचा ड्रायव्हर माझा शाळासोबती. पुढच्या सीटवर औषधांचे खोके होते, म्हणून मी मागे बसलो आणि मधल्या खिडकीतून त्याला स्पेन, जर्मनी समजावू लागलो. जर्मनीपर्यंत आल्यावर तो म्हणाला की जरा आडवा हो, दमला असशील. मी स्ट्रेचरवर आडवा झालो आणि मला गाढ झोप लागली.

गावाच्या फाट्यावर तो चहाला थांबला आणि गप्पांत रमला. तेवढ्यात आमच्या गावच्या कोणीतरी काचेतून आत डोकावलं, त्याला तोंड उघडं टाकून पडलेला मी दिसलो, आणि तो तसाच सायकल मारत गावात सांगायला गेला.

आमच्याकडे मयत झाली की बोलावण्याची वाट न पाहता सरणासाठी घरटी एक लाकूड येतं. मी डोळे चोळत घरासमोर गाडीतून उतरलो तेव्हा अंगणात लाकडांचा ढीग लागला होता. रडणाऱ्या दोघी अर्ध्यावरच थांबल्या, थोड्या नाराजही झाल्या. शेजारचे काका खांद्यावर मोहाचा ओंडका घेऊन माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांना फसवलं.

आई उंबऱ्यावर बसली होती. ती रडत नव्हती. माझे वडील अशाच गाडीतून शेवटचे घरी आले होते, हे मला तेव्हा आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. तिने माझे गुडघे, पोटऱ्या, पावलं चाचपून पाहिली.

"तुले चालता येते ना, बाबू? मंग चालत काऊन नाई आला?"

माझं सगळं लॅटिन तिथेच संपलं.

मयतीसाठी आणलेलं लाकूड परत घरी न्यायचं नसतं. त्यावर बरीच हुज्जत झाली. शेवटी त्याच लाकडांवर अंगणातच साऱ्या गावाचा भात आणि कोंबडीचा रस्सा शिजला. ज्यांचा ओंडका मोठा, ते हक्काने दोनदा वाढून घेत होते. ड्रायव्हरही पोटभर जेवला, आणि मला पुन्हा कधी गाडीत घेणार नाही म्हणाला.

सोमवारी निघताना आई म्हणाली, "कोणत्याबी गाडीनं ये. पण फाट्यावर उतरत जाय. तू मले चालताना दिसला पाह्यजे."

आता माझी स्कूटर आहे. फाट्यावर उतरतो आणि धानाच्या बांध्यांमधून ती ढकलत नेतो. लोक पेट्रोल संपलं का विचारतात. आई ओट्यावर बसलेली असते. इतक्या लांबून तिला आता चेहरा दिसत नाही, पण माझी चाल ओळखते, आणि मगच उठून भात टाकते.