खळ काही खायची वस्तू नाही

मी जाडा होतो. लाजायचं काय त्यात, आमच्या घरात सगळेच तसे. कोष्ट्याचं विणायचं काम बसून करायचं आणि जेवण मात्र नांगर धरणाऱ्याचं. मटणाच्या रश्श्यावर बोटभर तेल तरंगलं नाही तर माझा बाप ताट सरकवून द्यायचा. तेव्हा शेर-मण जाऊन किलो नुकतेच आले होते. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात मला काट्यावर उभं केलं, तर चौऱ्याण्णव किलो भरलो.

बायको म्हणाली, "चौऱ्याण्णव म्हंजे किती जी?"

"अडीच मन."

तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की नर्सबाईने तिला बाहेर काढलं.

ऑपरेशन नीट झालं. पण टाके काढताना डॉक्टरांनी दम दिला. "पोट एवढंच राहिलं तर गाठ परत येईल. ऐंशी किलो झाल्याशिवाय मागावर बसायचं नाही."

आमचा माग खड्ड्याचा. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा. प्रत्येक दाबाला पोटावर जोर येतो, तेव्हा डॉक्टर खोटं बोलत नव्हते. पण काठाची लुगडी घरात मीच विणत होतो. धाकट्या भावाला माझ्या मागावर बसवलं, तर त्याला काठ काही जमेना. साध्या लुगड्यांवर घर चाललं असतं थोडे दिवस, पण गिऱ्हाईक माझ्या काठाचं होतं. ते दुसऱ्याच्या दारी गेलं की परत येत नाही. म्हणून मला ऐंशी व्हायचंच होतं.

बायकोने जेवण हातात घेतलं. सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी अर्धी. तेल नाही, मटण नाही, वरणही नुसतं पाणी. मी ओरडायचो.

"अवं, चिमणी पोसून राहिली का तू?"

"चिमणी असती तर बरं झालं असतं. मागावर तरी बसली असती."

तिच्याशी बोलून कधी कोणी जिंकलं नाही.

पहिल्या दोन महिन्यांत आठ किलो उतरलो. शहाऐंशी. धोतर दोन वेढे जास्त घेऊ लागलं. मी गल्लीत छाती काढून फिरायला लागलो. आणि तिथेच गाडी अडली. पंधरा दिवसांनी काटा शहाऐंशी. महिन्याने शहाऐंशी. मी काट्यावर एका पायावरही उभा राहून पाहिलं. दीड महिना झाला तरी काटा हलेना, तेव्हा डॉक्टर माझ्याकडे न बघता बायकोकडे बघून बोलले.

"बाई, तुम्ही यांना लपून खाऊ घालता."

ती पदर खोचून तडक बाहेर निघाली. महाल पेठेतून घरी चालताना मी म्हटलं, "डाक्टरले काय समजते?" तर म्हणाली, "त्याले समजत नाही, मले समजत नाही, मंग वजन काय हवा खाऊन राहिलं का?"

माझा भरोसा डगमगला होता, खरं सांगतो. वाटलं, हे शरीरच असं. आता जन्मभर गल्लीत ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, ताणत उभं राहायचं आणि भावाचे वाकडे काठ बघायचे.

पुढच्या खेपेला तीच डॉक्टरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, मी सकाळपासून सगळं सांगतो. तुम्ही लिहून घ्या. यात एक घास खोटा निघाला तर मले बोला."

डॉक्टरांनी खरंच कागद घेतला.

"हे अंधारातच उठते. तोंड धुते. मी चहा देतो, बिनसाखरेचा. मंग खळ शिजवते. खळ चाखते. मंग ताण्याले खळ लावते. दहा वाजता अर्धी भाकर..."

"थांबा. खळ म्हणजे?"

"सुताले लावाची खळ, जी. तांदळाच्या पिठाची. त्यानं सूत कडक होते, मागावर तुटत नाही."

"आणि ती चाखतात?"

"चाखल्याबिगर कशी समजन घट्ट झाली का पातळ? मीठ टाकून देतो मी त्याहिले."

"किती चाखतात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लोटाभर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "रोज?"

"रोज. कधी दोन. खळ शिजवणाऱ्याचा पहिला लोटा असतो, साहेब. मंग राहिलेल्या खळीत तेल टाकतो आमी."

"अरे बाबा, मग ते जेवण झालं ना!"

आम्ही दोघं एकदमच बोललो. "नाही जी, ती खळ आहे. खळ काही खायची वस्तू नाही."

नर्सबाई भिंतीकडे तोंड करून हसत होती. आम्हाला मात्र हसू आलं नाही, कारण आम्ही खोटं बोलत नव्हतो. माझा बाप एकादशीचा निर्जळी माणूस, पण खळ शिजवली की लोटा प्यायचा आणि त्याचा उपास मोडायचा नाही. आमच्या आळीत कोणाचाच मोडायचा नाही. सुताचं ते सुताचं. त्याला कोणी अन्न म्हणत नव्हतं, तर मोजणार कोण? आणि मी मागावर होतो तोवर खळ भाऊ शिजवायचा, लोटाही त्याचाच. मागावरून उठवलं म्हणून तो माझ्या हातात आला.

रस्त्यात ती एकदम थांबली. "सुताले कडक करते ती खळ. तुमच्या पोटाले काय मऊ करन?" आणि मग हसायला लागली ते घरापर्यंत.

लोटा सुटला, पण सहज नाही. जिभेशिवाय खळ कळेना. पहिले दोन ताणे मी बिघडवले, मागावर तारा पटापट तुटल्या आणि भावाने मला नाही नाही ते ऐकवलं. मग दोन बोटांत चिकटपणा पाहायला शिकलो. भूक इतकी लागायची की खळीच्या वासाने डोळ्यात पाणी यायचं. ती शेजारी उभी राहायची, मिठाचा डबा मागे लपवून.

काटा हलला. चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी ऐंशी वाचलं आणि म्हणाले, "जा, बसा मागावर."

मी पाया पडायला वाकलो, तर ते तिच्याकडे बघत होते. "बाई, तुम्ही चढा काट्यावर."

"मी कायले?"

"चढा."

ती सत्तेचाळीस भरली. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही काय खाता? ती लाजली. मग मलाच कळलं. मला अर्धी वाढून स्वतः पूर्ण भाकर खाणं तिला बरं दिसत नव्हतं. इतके महिने तीही अर्धीवरच होती, आणि तिच्या वाट्याला तर खळीचा लोटाही नव्हता. मी दर खेपेला काट्याकडेच बघत होतो. हिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

ती जाऊन आता दीड वर्ष झालं. सून चांगली आहे, विचारते, बाबा, भाकर देऊ का? हो म्हटलं की देते. भांडून देणारं कोणी राहिलं नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून मी तिला सरळ इतवारी बाजारात नेलं, एका हॉटेलात. बायकांना हॉटेलात नेत नसत आमच्यात. तर्री-पोहे मागवले, एकच प्लेट, तिच्यापुढे ठेवली.

"तुमी?"

"मले चहा. बिनसाखरेचा."

"मंग मी बी नाही खात."

"मंग मी बी मागावर नाही बसत."

तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग पदर सावरला आणि खायला लागली. प्लेट संपवली, बोटं चाटली आणि पोऱ्याला न लाजता तर्री परत मागितली.