ओढ्याअलीकडचा हत्ती

उत्रोलीच्या ठकुबाईला जत्रेत तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे तिला हत्तीवाली म्हणायचे. आणि त्या हत्तीची ऐटही तशीच होती. पांगाऱ्याच्या लाकडाचा, कमरेएवढा उंच, डोळ्यांत काजळ, कपाळावर पितळी खिळ्यांची नक्षी, आणि सोंड अशी वर उचललेली की पडदा उघडला आणि राजाच पुढं आला असं वाटावं. त्याचं डोकं डोलायचं. एकदा टिचकी मारली की दोन-तीन मिनिटं ते सावकाश खाली-वर व्हायचं. खेळणाऱ्यानं सहा हातांवरून वेताची कडी अशी फेकायची की ती वर येणाऱ्या सोंडेत जाऊन अडकावी. पाच पैशांना तीन कड्या. अडकली तर आरसा, शिट्टी, नाहीतर रेवड्यांची पुडी.

हत्तीचं धड तिच्या बापानं घडवलं होतं. डोकं कोरायचं राहिलं आणि म्हातारा गेला. लग्न होऊन दोन वर्षं झालेल्या ठकुबाईनं बापाची पटाशी हातात घेतली आणि चार महिने खपून डोकं पुरं केलं. पहिल्यांदा ते डोललं तेव्हा ती उंबऱ्यावर बसून बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिचा हात थांबलाच नाही. एक घोडा झाला, कुस्ती खेळणारे दोन पैलवान झाले, तुरा हलवणारा कोंबडा झाला. हत्ती सोडून बाकीचे खेळ ती जत्रेपुरते दुसऱ्या खेळवाल्यांना द्यायची. भाडं पायलीभर तांदूळ.

सगळ्यांत मोठी जत्रा गावच्याच वडजाईच्या माळावरची. देवळासमोर दीपमाळ, दीपमाळेपासून ओढ्यापर्यंत पालांची रांग, आणि ओढ्यापलीकडे एकटं चिंचेचं झाड. ठकुबाईची जागा त्या चिंचेखाली. तिचा बापही तिथंच बसायचा. तिच्या आज्याला जत्रेचं जेवण मिळायचं तेही तिथंच, पानावर लांबून वाढलेलं. चैत्रात ओढ्याला घोट्याएवढंसुद्धा पाणी नसायचं, तरी तो ओलांडायला लोकांना भरल्या नदीसारखा जड जायचा. अलीकडच्या काठावर उभे राहून माणसं हत्तीचं डोलणं बघायची, हसायची, आणि खेळायला मात्र मागं वळायची. ज्या खेळावर सगळ्या जत्रेचा डोळा, त्याच्यापुढं कड्या फेकायला माणूस नाही. एवढी एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती. हत्तीला एकदा दीपमाळेपाशी उभा करायचा.

एकोणीसशे अडुसष्ट सालच्या माघात भोरच्या एसटी स्टँडवर तिला बाजीराव भेटला. बाजीराव पालीचा, राजगडाच्या पायथ्याचा. तीस वर्षं तो दीपमाळेपाशी फुग्यांची फळी लावायचा आणि छऱ्याची बंदूक खेळायला द्यायचा. आता मोतीबिंदूनं दोन्ही डोळे धरले होते. चहा मागवून तो म्हणाला, "ठकू, माजं आता संपलं. फुगा फुटला की म्या आवाजावर वळखायचो. मागच्या जत्रंत एकानं खिशात टिकली फोडली आन म्या त्याला आरसा दिला."

ठकुबाईला हसू आवरेना. "मग त्यो परत दिला का न्हाई त्यानं?"

"दिला की. म्हनला, ह्यात म्हाताऱ्याचं त्वांड दिसतंय." बाजीरावानं बशीत चहा ओतला. "ऐक. तुजा हत्ती नि माजी फळी एका पालात लावू. पाल माजं, जागा माजी, खेळ तुजं. पोरगा पुन्याला गिरणीत लागला, त्यो काय बंदुका भरायला येत न्हाई. तू सांबाळ. माजं नाव ऱ्हाऊ दे म्हंजी झालं."

"दादा, जागा तुमची म्हंजी दीपमाळंपाशीच ना?"

"मंग काय पालीला?"

तिनं कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच राहिला.

घरी नवऱ्याला, भिमाला, तिनं सांगितलं. भिमा रस्त्याच्या कामावर मुकादम होता. तो म्हणाला, "देव सोडून बारा वर्सं झाली आपल्याला. आता देवळाच्या दारात कशाला जायाचं?"

"म्या देवळात कुटं जातीया? हत्ती जातुया. त्यानं काय सोडलंय का?"

भिमा हसला आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना सोंडेला लावायला लाल रंगाची डबी घेऊन आला.

दोन पालं एक करायची म्हणजे सरळ काम वाटतं, पण तसं नव्हतं. प्रत्येक पाल ग्रामपंचायतीच्या वहीत नावानिशी, आणि खेळाला पोलिसांचीही परवानगी लागायची. आजवर ओढ्यापलीकडे कोण काय करतो हे कुणी विचारलं नव्हतं. आता अर्ज गेला आणि विचारणा सुरू झाली.

आधी हवालदारानं हत्ती चौकीच्या अंगणात आणायला लावला. बैलगाडीतून हत्ती आला. हवालदारानं त्याला भोवती फिरून पाहिलं, वाकून पाहिलं. "ह्याच्या पोटात काय आहे?"

"धोंडा हाय, साहेब."

"कसला धोंडा?"

"नीरा नदीतला."

झाकण उघडलं. आत सुतळीला बांधलेला गुळगुळीत गोटा लोंबत होता. त्याच्याच वजनानं डोकं डोलायचं. हवालदाराला लपवलेली दोरी शोधायची होती, ती सापडली नाही. मग त्यानं मूळ सवाल टाकला. खेळ नशिबाचा की हाताचा? नशिबाचा असेल तर तो जुगार, आणि जुगाराला परवानगी नाही. पारख करायला त्यानं स्वतः कड्या घेतल्या. नऊ फेकल्या, नऊही मातीत.

"बघ, नशीबच आहे हे."

"न्हाई साहेब. मनगट आवळलंय तुमी, जसं काय चोराला धरलंय. सैल सोडा. आन सोंड वर आल्यावर न्हाई, वर याच्या वाईच आदी टाका."

दहावी कडी कानाला लागली. अकरावी सोंडेत जाऊन बसली. त्यानंतर हवालदार दुपारपर्यंत जागचा हलला नाही. बाहेर दोन माणसं तक्रार घेऊन थांबली होती, तीही मोजत बसली. शेवटी त्यानं कागदावर लिहिलं, 'हाताचा खेळ. परवानगी द्यावी. कारण, शिकवल्यास येतो.'

दुसरा अडथळा पंचायतीत. चावडीत पंच बसले, मधे गेनूआबा. आबा गावाचे मोठे, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. ठकुबाई बाहेरच्या पायरीवर बसली. बाजीरावाला आत बोलावलं, पण तो चाचपडत आला आणि तिच्याच शेजारी पायरीवर टेकला. "मला हितंच उजेड बरा पडतुया," म्हणाला.

कुंडलिक खेळवाला उठला. दर साली कोंबडा भाड्यानं नेणारा तोच. "माजी हरकत हाय. चांगलं खेळ समदं हिच्याकडं. आजवर ही आमाला देत हुती. उद्या बाजीरावासंगं एक झाली, दीपमाळंपाशी बसली, की कोंबडा बी तितंच आन घोडा बी तितंच. आमी काय गिऱ्हाइकाला टाळ्या वाजवून दाखवायच्या?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. पंचांनी माना हलवल्या. ठकुबाई उभी राहिली. "कोंबडा देईन. घोडा देईन. दहा वर्सं देईन, त्याच पायलीभर तांदळावर. लिवून घ्या. फकस्त कुंडलिकभाऊंनी दर साली त्याची शेपटी मोडून आनू नये."

चावडी हसली. कुंडलिकही हसला. ग्रामसेवक तरुण, चष्म्याचा, वर्षभरापूर्वीच आलेला. त्यानं अट लिहिली आणि पुढं लिहिलं, 'कारण, इतर खेळवाल्यांचे नुकसान होऊ नये.' ही अट ठकुबाईनं पुरी दहा वर्षं पाळली. शेपटीही दहा वर्षं दर साली मोडूनच आली.

आता सही व्हायची, एवढ्यात गेनूआबांनी घसा खाकरला. "जागेचं ऱ्हायलं. दोन पालांचं एक झालं, तर जागा बी एक. ती ओढ्यापलीकडं, चिंचंखाली असू द्या. ठकुबाईची जुनीच जागा हाय ती."

बाजीराव ताठ झाला. "आबा, तीस वर्सं म्या दीपमाळंपाशी हाय."

"ते पाल तुज्या एकट्याचं हुतं तवा."

ग्रामसेवकानं जागेची ओळ लिहून घेतली. आबा वाईट माणूस नव्हते. ठकुबाईचा बाप गेला तेव्हा सरणाला लाकडं त्यांनीच पाठवली होती, ओढ्याच्या काठापर्यंत. त्यांना आयुष्यभर जे दिसत आलं तेवढंच ते बोलत होते, आणि त्यात कुणाचं काही बिघडतं असं त्यांच्या मनातही नव्हतं.

बाजीरावानं ठकुबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, पलीकडं जाऊ. मला आंधळ्याला दीपमाळ काय नि चिंच काय."

तो मनापासून म्हणत होता. तीस वर्षांची जागा त्यानं एका वाक्यात सोडली होती. ठकुबाईला क्षणभर वाटलं, पुरे झालं, हो म्हणावं. मिटलं असतं. एक जोडीदार मिळाला होता, परवानगी मिळाली होती. पण मग हत्ती आणखी दहा वर्षं चिंचेखाली डोलत राहिला असता आणि लोक ओढ्याच्या काठावरून हसत राहिले असते.

"न्हाई दादा," ती हळूच म्हणाली. मग ग्रामसेवकाकडं वळली. "भाऊसाहेब, हवालदारसाहेबांनी कारन लिवलं. कुंडलिकभाऊंच्या अटीला तुमी कारन लिवलं. ह्या अटीचं बी लिवा. आबा सांगत्याल."

ग्रामसेवकानं टाक दौतीत बुडवला आणि आबांकडं पाहिलं. "काय कारण लिहू, आबा?"

"जागा अपुरी हाय म्हनून लिवा."

"दोन पालांचं एक झालं आबा," ठकुबाई म्हणाली. "जागा वाडली."

"मंग गर्दी हुती, आसं लिवा."

"जत्राच हाय ती."

कुणीतरी खुसखुसलं आणि गप्प झालं. टाकाच्या टोकावरचा शाईचा थेंब फुगत चालला होता. ग्रामसेवकानं तो दौतीच्या काठाला पुसला आणि अदबीनं म्हणाला, "आबा, हा कागद तालुक्याला जाणार. जे खरं कारण असेल ते सांगा. मी शब्दाला शब्द लिहितो."

खरं कारण चावडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पायरीवर बसलेल्या दोघांनाही ठाऊक होतं. ते रोज पाळलं जायचं, विहिरीवर, हॉटेलात, जत्रेत, आणि त्यासाठी कधी तोंड उघडावं लागत नसे. आज ते तोंडानं बोलायचं होतं आणि शाईत बुडवायचं होतं. आबांनी कुंडलिकाकडं पाहिलं. कुंडलिक आपल्या पायांच्या बोटांकडं पाहत होता. दुसऱ्या पंचानं पानाचा डबा उघडला, पान न घेताच मिटला.

ठकुबाई उभीच होती. तिनं चावडीचा खांब धरला होता.

आबा म्हणाले, "खोडा ती वळ."

"खोडलेल्या ओळीपाशी सही लागेल, आबा."

आबांनी सही केली. एकेक अक्षर सावकाश, पाटीवर गिरवावं तशी.

जत्रेच्या दिवशी दीपमाळेपाशी एका बाजूला फुग्यांची फळी आणि एका बाजूला लाल सोंडेचा हत्ती उभा राहिला. हत्ती डोलत होता. माणसं गोल करून उभी राहिली, पण कड्या घ्यायला कुणी पुढं येईना, कारण कड्या तिच्या हातून घ्यायच्या होत्या. बाजीराव विचारत होता, "ठकू, माणसं हायती का? आवाज कसा न्हाई?"

"हायती दादा. पडदा उघडायची वाट बघत्यात."

मग बंदोबस्तावरचा हवालदार आला. टोपी काढून काखेत मारली, तिच्या तळहातावरून तीन कड्या उचलल्या, आणि पहिलीच सोंडेत घातली. शिट्टी बक्षीस मिळाली, ती त्यानं तिथंच फुंकली. एक बाई हसत पुढं आली, तिच्यामागं तिच्या दोन जावा. दुपारपर्यंत वाकून वाकून ठकुबाईची कंबर धरली.

उन्हं कलताना गर्दी थोडी फाकली. मधून गेनूआबा आले, धुतलेलं धोतर, हातात काठी. सगळे बाजूला सरले. आबा बराच वेळ हत्तीकडं पाहत राहिले. मग त्यांनी पाच पैशांचं नाणं काढलं. समोरच्या पाटावर ठेवायला त्यांचा हात निघाला, थांबला, आणि त्यांनी ते ठकुबाईच्या तळहातावर ठेवलं. तिनं तीन कड्या त्यांच्या हातात दिल्या.

पहिली मातीत गेली. दुसरी हत्तीच्या पाठीवरून घरंगळली.

"मनगट सैल सोडा, आबा," ठकुबाई म्हणाली.

बाजीरावानं मान वळवली. "कोन हाय गं? अडकली का?"

"अजून एक कडी हाय, दादा," ती म्हणाली आणि हत्तीच्या कपाळावर हलकेच टिचकी मारली.