‘हव’ आणि ‘मंग’

मंगळवारी सकाळी माझा नवरा पोस्टर आणायला वडशाहून ब्रह्मपुरीला गेला. छापखान्याच्या पायरीवर बसला आणि उठला नाही. दुपारी फोन आला. संध्याकाळी त्याला घरी आणलं.

घरात मी त्याला ‘अहो’ म्हणत असे. इथे ‘तो’ लिहिते, कारण मनात तो नेहमी ‘तो’च होता.

त्याचं काम बोलण्याचं होतं. आमच्या भागात धान घरात आलं, की दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकीजावई येतात, पाहुणे येतात, आणि रात्री कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे शेतांत, मंडप टाकून नाटक होतं. हा हंगाम शिमग्यापर्यंत चालतो. ज्या गावात नाटक, त्याच्या आसपासच्या गावांतून दिवसभर ऑटोवर भोंगा लावून ‘या हो या’ करत फिरणारा एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे माझा नवरा.

माझं कामही तसं तेच, फक्त त्याला आवाज नव्हता. नागपूरच्या एका जाहिरात कंपनीसाठी मी घरी बसून वेबसाइटवरचा मजकूर लिहिते. कुकर, गाद्या, केसांचं तेल, गुडघ्याचे पट्टे. कंपनीत याला कंटेंट म्हणतात. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, “आमची सून कंपुटरवर हाका मारते.” माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्याच प्रशिक्षणात मिळाली नाही.

मी गडचांदूरची. सिमेंटच्या धुळीनं तुळशीची पानंसुद्धा पांढरी दिसत त्या गावात, शाळेच्या वाचनालयातली कपाटं एकेक करून वाचत मी मोठी झाले. त्यामुळे माझी मराठी पुस्तकातली. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात त्यानं मला एका नाटकाची जाहिरात लिहायला सांगितली, तेव्हा मी मोठ्या अभिमानानं लिहून दिलं: ‘मानवी नातेसंबंधांच्या अंतरंगाचा हृदयस्पर्शी वेध घेणारी कौटुंबिक शोकांतिका.’

संध्याकाळी तो परत आला तो हसतच. ऑटो एका खड्ड्यात आदळला आणि ‘अंतरंगाचा’पाशीच त्याचा दम संपला होता. पुढच्या चौकात त्यानं ते पुन्हा नीट म्हटलं, तर बाजेवर बसलेला एक म्हातारा उठून आला आणि टोपी काढून विचारू लागला, “काऊन गा, कोण मेलं?”

“मग तुम्ही काय सांगितलं?” मी विचारलं.

“म्हटलं, अजून नाई मेलं कोणी बाबा, आठ वाजता मरते. तिकीट काढून येजो.”

मी रुसले. त्यानं कागद मला परत दिला नाही, फाडलाही नाही. अंगणात त्याची माय लाखोळीची डाळ निवडत बसली होती, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “माय, ऐक. एका गावात एक सून होती. दिवसभर डोक्यावर पदर. पण सासऱ्यावर वॉरंट निघालं, तेव्हा वर्दी घालून दारात कोण उभी होती?”

सासूबाईंनी सुपातून मान वर केली. “मंग?”

“बाकीचं मंडपात!” असं म्हणून तो उठला आणि हात धुवायला गेला.

“अरे सांग ना! कोण होती? सूनच ना? अरे मेल्या!”

आमची पद्धत अशी सुरू झाली. मी लिहायचं, त्यानं मोठ्यानं म्हणायचं आणि सासूबाईंनी ऐकायचं. त्यांच्याकडे दोनच निकाल होते. ओळ लागली नाही, तर त्या “हव” म्हणत. आमच्याकडे हव म्हणजे हो. पण त्यांच्या ‘हव’मध्ये दार लोटून घेतल्याचा आवाज असे. ओळ लागली, तर सूप थांबे आणि त्या म्हणत, “मंग?” हव आलं की ओळ खोडायची. मंग आलं की ठेवायची.

पुढे नागपूरच्या कंपनीनं आम्हाला फोनवर शिकवणी लावली. पहिल्या ओळीनं दुसरी वाचायला लावली पाहिजे, दुसरीनं तिसरी. वस्तूबद्दल नका बोलू, वाचणाऱ्याबद्दल बोला. लहान वाक्यं. मोठ्यानं वाचून पाहा. एक मुलगी हे सगळं इंग्रजी शब्दांत उत्साहानं सांगत होती आणि मी टिपून घेत होते. मागून सासूबाईंनी विचारलं, “काय शिकवून राह्यली व ती?”

मी म्हटलं, “मंग कसं म्हणवून घ्यायचं, ते.”

“त्याचे पैसे घेते का देते?”

तेव्हापासून मी कंपनीचा मजकूरही त्यांना ऐकवू लागले. गादीची जाहिरात आठवते. मी लिहिलं होतं, पाठीच्या कण्याला शास्त्रशुद्ध आधार देणारी गादी. “हव,” त्या म्हणाल्या. मग मी गादी मऊ आहे, टिकाऊ आहे, असं वाढवत गेले. “हव. मले त गोणपाटावर बी झोप लागते.” तेव्हा नवरा भोंग्याची वायर गुंडाळत म्हणाला, “तू गादी विकून राह्यली. माणूस कुठी आहे त्यात?” मी विचार केला आणि लिहिलं: ‘तुम्ही कूस बदलली, की शेजारचं माणूस जागं होतं का?’

सूप थांबलं. “मंग?”

त्याचं सगळंच बरोबर असे, असं मात्र नाही. त्याला घाईचे शब्द फार आवडत. त्वरा करा, संधी गेली, परत नाही. भोंग्यावर ते चालून जाई, कारण भोंगा पुढच्या वळणावर नाहीसा होतो. पण नाटक कंपनीनं आपल्या नाटकांचं फेसबुक पान काढलं आणि त्याचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा त्यानं मला न विचारता नायिकेच्या फोटोवर लिहून टाकलं: ‘शेवटचं दर्शन! पुन्हा दिसणार नाही!!’ त्याला म्हणायचं होतं, या गावातला या हंगामातला शेवटचा प्रयोग. तासाभरात फोटोखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. नागभीडहून नायिकेच्या मावशीचा फोन आला, रडण्यातून तिला बोलताच येत नव्हतं. नायिका तेव्हा आमच्याच अंगणात बसून पोहे खात होती.

“भाऊ,” ती त्याला म्हणाली, “मले मारलंच आहे, त बारसं तरी नीट करा.”

“बारसं नाई व, तेरवी,” सासूबाई म्हणाल्या.

“तेरवी माह्या सासूची कराजो. मले आणखी पोहे वाढा.”

त्या दिवसापासून ‘शेवटचा’ हा शब्द आमच्या घरात बंद झाला. भोंग्यावर नाही, पानावर नाही. ‘या हंगामात इथे पुन्हा नाही’ असं तो म्हणू लागला. वाक्य लांब झालं, पण खोटं राहिलं नाही. वाचणाऱ्याला घाबरवून आणलं, तर तो एकदाच येतो. हे मी पुढे कंपनीतल्या नव्या मुलींना शिकवलं. कुठून शिकले, ते सांगितलं नाही. सांगताना ती पोहे खाणारी नायिका डोळ्यांसमोर येते आणि हसू आवरत नाही.

तो गेल्यावर सासूबाई फक्त हव म्हणू लागल्या.

चहा घेता का? हव. पडता का जरा? हव. धाकट्या लेकीकडे मूल गावी जाऊन येता का चार दिवस? हव. आणि जात नसत. सूप घेऊन बसत, पण डाळीतला खडा हाताखालून तसाच जाई. त्या रडल्या असत्या, भांडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मंग म्हणणाऱ्या माणसाला पुढचं काही तरी हवं असतं. त्यांना पुढचं काही नको होतं. त्या माझ्यासमोर बसल्या बसल्या विझत चालल्या होत्या आणि मला त्याची भीती वाटत होती. घरात आम्ही दोघीच उरलो होतो. मी रात्री कूस बदलली, तर जागं होणारं कोणी नव्हतं.

दिवाळीच्या आधी नाटक कंपनीचे मॅनेजर आले. खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, “बाई, भोंगा आता नाई लावत आम्ही. सारं मोबाईलवर आहे. पण शब्द तुमचेच पायजे. तुमच्या घरचेच.” मी हो म्हटलं. खरं सांगायचं, तर मला नाटकाचं काही पडलं नव्हतं. मला ओळी हव्या होत्या, सासूबाईंसमोर म्हणायला.

मी लिहू लागले. प्रश्नानं सुरू केलं. “हव.” नाव घेऊन सुरू केलं. “हव.” रहस्य ठेवलं, ते अर्ध्यात तोडलं, अगदी त्याच्यासारखं ‘बाकीचं मंडपात’ म्हणायला गेले. ते शब्द माझ्या तोंडात बसले नाहीत. “हव,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांच्या कामात जे जे शिकले होते, ते सगळं त्या अंगणात करून पाहिलं. नागपूरच्या मुलीनं यातल्या काही ओळी वाचून छान म्हटलं होतं. मला तिचं छान नको होतं.

एका दुपारी मी फोन बाजूला ठेवला. थकले होते. शेवगा सोलत होते आणि कुठलीही ओळ करायची नाही असं ठरवूनच म्हणाले, “त्या दिवशी सकाळी निघताना त्यांना डाव्या पायाची चप्पल सापडत नव्हती.”

सुपाचा आवाज थांबला.

“मंग?”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी मान वर केली नाही, न जाणो तो शब्द उडून जाईल.

“कुत्र्यानं नेली होती, पेरूच्या झाडाखाली. तिथून आणली.”

“मंग?”

“मग मी म्हटलं, नव्या नाटकाची ओळ झाली नाही अजून. ते म्हणाले, झाली. माझ्याजवळ आहे.”

“मंग?”

“म्हटलं, सांगा. तर म्हणाले, तुले नाई सांगत. पहिले मायले ऐकवतो संध्याकाळी. पाहाजो, तिचं सूप हातातून पडते का नाई.”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळपासून घरात इतकी माणसं, इतका गलका, मग इतकी शांतता, त्यात चपलेची गोष्ट राहून गेली होती.

“माह्यासाठी म्हणाला?” त्यांनी विचारलं.

“तुमच्यासाठीच.”

“मंग? कोणती ओळ होती?”

“मी विचारलं ना. तर दारातून म्हणाले, बाकीचं मंडपात.”

“मेला,” सासूबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. तो गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मग पदर खाली घेऊन म्हणाल्या, “ते तुह्या नाटकाचं काय होतं? म्हण पुन्हा. सकाळी धड ऐकलं नाई मी.”

मी म्हटलं. त्यांनी मध्येच थांबवलं. “सासूपासून काऊन सुरू करतेस? सासू काय, सगळ्याच घरी असते. चपलेपासून कर. त्या नाटकात चप्पल आहे का?”

नाटकात चप्पल नव्हती, पण नायकाची सायकल होती. पहिल्या अंकात ती दाराशी उभी असते आणि तो नसतो. मी तिथून लिहिलं. मॅनेजरांनी ते पानावर टाकलं. मंडईला किती माणसं त्यामुळे आली आणि किती नेहमीची, मला माहीत नाही. आम्ही दोघीही गेलो होतो. सासूबाईंनी घरून गोणपाट नेलं होतं बसायला.

आता भोंगा कपाटावर आहे, कपड्यात गुंडाळलेला. मी सकाळी लिहिते आणि अंगणात म्हणते. सासूबाई ऐकतात, कधी हव म्हणतात, कधी मंग. ती ओळ कोणती होती, ते आम्हाला दोघींनाही माहीत नाही.