पेन ड्राइव्हमधला लपलेला अर्ज

चौसाळ्यात हायवेलगत माझ्या ओळखीच्या एका पोराचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. कुणाचंही जुनं मशीन आलं की तो त्यावर लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकतो आणि मान वर न करता बोलतो. मी तिथे आमच्या संघटनेची पत्रकं छापून घेतो.

परवा एक अंगणवाडीताई आल्या. ऑफिसचा पेन ड्राइव्ह साहेबांना परत द्यायचा होता. साहेबांविरुद्धचा तक्रारअर्ज त्यांनी त्यातून पुसला होता, तरी ड्राइव्हमधली जागा भरलेलीच दिसत होती.

"पुसलं न्हाई ताई, लपलंय." त्याने दोन बटणं दाबली. ड्राइव्हमधलीच लपलेली कचरापेटी दिसली आणि तिच्यात अर्ज. ताईंचा चेहरा उतरला.

मी वाचायला वाकलो. त्याने स्क्रीन ताईंकडे फिरवली आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून बसला.

"अर्जाची कॉपी घरी हाय?"

"हाय."

"मग फॉरमॅट दाबा. शून्यं भरून जुनं सारं कायमचं पुसायचं का इचारील, हो म्हणा. लई वेळ लागंल, बसा."

ताई गेल्यावर मी चिडलो. "असे अर्ज लोकांपुढे आलेच पाहिजेत!"

"येतील की. त्यांना आणायचा तवा त्या आणतील," तो म्हणाला. "तुमची पत्रकं किती काढू?"