रिकाम्या बशीतले अकरा धागे

प्रयोगशाळेत त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. खाडीच्या तोंडाशी होडीमागून बारीक जाळं ओढायचं, पाण्याच्या वरच्या थरातलं जे अडकेल ते बाटलीत भरून आणायचं, गाळायचं आणि तो कागद भिंगाखाली धरून प्लास्टिकचे कण नि धागे एकेक करून मोजायचे, हे काम ते चौदा वर्षं डोळ्यांत तेल घालून करत होते. निदान लोकांचा तसा समज होता, आणि काकांनी तो कधी दूर केला नव्हता.

या कामात एक कंटाळवाणा नियम असतो. मोजताना शेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवायची, तळाशी ओला कागद. हवेतून, अंगावरच्या कपड्यांतून जे उडून तिच्यात पडेल, ते समुद्राच्या आकड्यातून वजा करायचं. काकांच्या बशीत वर्षानुवर्षं काही म्हणता काही पडलं नाही. मग त्यांनी बशी मांडायचं सोडलं. रकान्यात शून्य लिहायचं मात्र सोडलं नाही.

यंदा थंडीत लेकीनं स्वेटर विणून दिला, लालभडक. लोकर नावाचीच, धागा निव्वळ प्लास्टिकचा. काका हरखले आणि रोज तोच घालून कामावर जाऊ लागले. वरून पांढरा कोट असायचा, पण काकांच्या पोटापुढे त्याच्या गुंड्यांनी केव्हाच हात टेकले होते.

त्याच महिन्यात खाडीच्या पाण्यात लाल धागे वाढले. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई वयानं काकांच्या लेकीएवढ्या, आणि काकांच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या. कपडे धुताना असे धागे सुटून पाण्यात जातात, आणि खाडीला लागून एकच लाँड्री होती. सोमवारी तिच्या मालकिणीला बोलावून बाईंनी तक्ता पुढे केला. खुलासा होईपर्यंत मशीनं बंद ठेवा, असा पालिकेचा हुकूमही हातात दिला.

"लाल कुठून येईल, बाई?" ती म्हणाली. "माझ्याकडे फक्त दवाखान्याच्या चादरी येतात. सगळ्या पांढऱ्या."

कोपऱ्यात बाटल्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्या काकांनी मान खाली घालून स्वतःच्या स्वेटरकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली, तेव्हा त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा बशी मांडली. तासाभरानं भिंगातून पाहिलं. अकरा धागे, सगळे लाल. त्यांनी कागदाचा बोळा करून टोपलीत टाकला.

पुढचे तीन दिवस काका मूग गिळून बसले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, आणि सगळ्या खात्यात काकांसारखी नजर कुणाची नाही असं बोललं जायचं. घरी जेवण जाईना, तर आमटी खारट झाली म्हणून बायकोवरच डाफरले. त्याचीही लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी ते बाईंपुढे उभे राहिले आणि बशीचं सांगून टाकलं.

"किती दिवस मांडली नाही?"

"चार वर्षं."

बाईंनी शून्यांची वही पुढे ओढली. "मी तुमचं मोजलेलं कधी पुन्हा तपासलं नाही, काका," त्या म्हणाल्या. काकांना वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी लाँड्रीवाली आली. काकांचं वय बघून बाईंनी सांभाळून घेतलं. मोजणीत चूक होती, काकांनीच ती पकडली, एवढंच सांगितलं. लाँड्रीवालीनं काकांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही होतात म्हणून निभावलं, काका. नाहीतर आमच्यासारख्यांसाठी कोण एवढी तसदी घेतं?"

ते ऐकून काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात सोडवून घ्यायचीही त्यांची छाती होईना.

"ताई, ते धागे माझ्या स्वेटरचे होते," ते म्हणाले. मग बशीचं, शून्यांचंही सांगितलं.

तिनं हात सोडले. "तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी. तुम्ही बोलून गेलात, त्याच दुपारी."

"दवाखान्यानं बुधवारी काम दुसऱ्याला दिलं," ती म्हणाली. "मंगळवारी दिवसभर थांबले होते ते माझ्यासाठी."