तीन दिवस दारात उभी मोटार

मोटार घ्यावी की घेऊ नये, हे मला सोडून धारमधल्या सगळ्यांना कळत होतं. न्हाव्याला कळत होतं, देवळातल्या गुरवाला कळत होतं, आणि ज्यानं जन्मात सायकलीवर टांग टाकली नव्हती त्यालाही कळत होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच. "त्या कंपनीची नको. दुसरी कुठलीही घ्या, ती नको." दुसरीला जास्तीचे पैसे तुमचे तीर्थरूप देणार का, असं मी विचारलं की विषय बदलत. चार दिवसांनी पुन्हा तेच.

आमचं घराणं पागेतलं. बाप, आजा, त्याच्या वरचे, सगळे दरबारच्या घोड्यांत वाढले नि घोड्यांतच म्हातारे झाले. मी शाळेत दोन इयत्ता गेलो. तिसरीत मास्तरांनी कान पिळला, तेव्हा पाटी तिथंच ठेवून उठलो, ती अजून तिथंच असेल. पण घोड्याच्या पायावरून हात फिरवून हा कुठं लंगडणार ते मी सांगत असे. संस्थान गेलं, पागा मोडली, आणि दोन उतारवयातले घोडे माझ्या वाट्याला आले. ते गाडीला जुंपून मी तिरल्याहून धारच्या बाजारात लसूण, कांदा, हरभरा आणायला लागलो. काही वर्षं बरी गेली. मग एक घोडा मेला, आणि दुसऱ्याला चढावर मीच मागून रेटू लागलो. आमच्याकडं भैयाला भिया म्हणतात, तर लोक विचारत, "भिया, गाडी कोण ओढतं, तू का तो?"

तेव्हा माझ्यापुढं दोनच वाटा उरल्या. एक, घरामागची जागा विकून आलेल्या पैशांत मोटार घ्यायची. मागं उघडा हौदा असलेली छोटी मोटार, जिला आता पिकप म्हणतात. दुसरी वाट माझ्या मेहुण्यानं काढली होती. तो देवासला नव्या सरकारच्या कचेरीत कारकून. त्यानं साहेबाला सांगून माझ्यासाठी चपराशाची जागा धरून ठेवली होती.

"दाजी, मंगळवारी हजर व्हायचं. खाकी कपडे सरकारच देतं. साहेबानं घंटी वाजवली की उठायचं, एवढंच काम."

"घंटी गुरांच्या गळ्यात असते," मी म्हटलं.

बायको त्याच्या बाजूची. भाऊ म्हणून नव्हे, ती विचार करून बोलत असे, आणि म्हणूनच मला जास्त राग यायचा. म्हणाली, "तुमच्या घोड्यांनी तुम्हाला एक दिवस तरी रजा दिली का? ताप आला तरी दाणा घालायला उठलात. सरकार रजा देतं."

मी चप्पल घालून बाहेर पडलो.

तिच्या समाधानासाठी सोनकच्छलाही जाऊन आलो. तिथल्या एका धान्याच्या शेठकडं याच जातीची मोटार होती. होती म्हणजे लिंबाखाली उभी होती. हौद्यात कोंबड्या, ड्रायव्हरच्या जागेवर एक खुडूक बसलेली. शेठनं मला चहा पाजला आणि म्हणाला, "भिया, इससे अंडे मिल जाएँगे, सवारी नहीं मिलेगी." वर स्वतःच हसला. परतीच्या बसमध्ये मी एवढाच विचार केला, की एक घोडं अडलं म्हणून त्याच्या सगळ्या भावंडांना कोणी अडेल म्हणतं का? पागेत असं कुणी बोललं असतं तर लीद उपसायला लावलं असतं.

तसाच देवासला उतरलो नि विकणाऱ्याकडं गेलो. मोटार हिरवी, कोरी, टेकडीच्या बाजूनं उडणारी धूळ खात उभी. तिच्या नावाची बोंब इतकी झाली होती की कुणी हातही लावत नव्हतं. मी सगळीकडून पाहिली. दार उघडलं, लावलं. वाकून खालून पाहिली. काही कळलं नाही, पण ते चेहऱ्यावर दाखवलं नाही.

आता आमच्यातली रीत सांगतो. घोडं विकत घ्यायचं तर आधी तीन दिवस आपल्या दारात बांधायचं. आपला दाणा, आपलं पाणी, आपला रस्ता. पटलं तर घरच्या बाईनं त्याला कुंकू लावायचं. की सौदा पक्का. नाही पटलं तर चौथ्या दिवशी परत न्यायचं आणि दोन्हीकडून कुणी काही विचारायचं नाही. पण एकदा कुंकू लागलं की ते जनावर दारातून परत जात नाही, मग ते आंधळं निघो नाहीतर लंगडं.

मी त्या माणसाला म्हटलं, "तीन दिन मेरे दरवाजे पे खड़ी रहेगी. फिर बोलूँगा."

"दादा, ये घोड़ी नहीं है."

"घोडी होती तो अभी बता देता. ये बोलती नहीं, इसीलिए तीन दिन चाहिए."

शेवटी तो हो म्हणाला, बला निदान तीन दिवस तरी नजरेआड होईल म्हणून. सोमवारी दुपारच्या बसनं त्याचा मिस्त्री येणार; घेतली तर पैसे नेणार, नाही तर मोटार. मेहुणा जामीन राहिला, आणि तोही आनंदानं, कारण मोटार परत येणार याची त्याला खात्रीच होती.

मोटार चालवायला मी आधीच शिकलो होतो. पागेशेजारी दरबारचं मोटारखानं होतं. तिथल्या ड्रायव्हरला मी घोड्यावर बसवलं, त्यानं मला मोटारीत बसवलं. घोड्यावरून तो तीनदा पडला, मी मोटारीतून एकदाही नाही.

गुरुवारी देवासहून निघालो तो इंदूरवरून थेट धार. मध्ये कुठं थांबलो नाही. एकदाही कुरकुर नाही. मनात म्हटलं, बघा लेको.

दारात भोंगा वाजवला तर आळी गोळा झाली. आणि घरातून माझी आत्या आली, हातात निरांजन नि कुंकवाचा करंडा. ही माझ्या बापाची बहीण, आमच्याकडंच असायची. तिचा नवराही पागेतला. मी उतरून "आत्याबाई, थांबा थांबा" म्हणेपर्यंत तिनं मोटारीच्या टपोऱ्या नाकाडावर कुंकू ओढलं, वर ओल्या कुंकवाची पाची बोटं समोरच्या काचेवर उमटवली.

"अहो आत्याबाई, अजून घेतली नाही!"

"घेतली नाही तर दारात कशाला आणली? दारात आलेल्याला कुंकू नाही लावायचं तर काय चपला मारायच्या?"

"तीन दिवस बघायची आहे."

"मग बघ की. कुंकवानं काय तुझे डोळे झाकले?"

बायको चौकटीत उभी. म्हणाली, "पुसून टाका ते."

"कुंकू पुसतात होय गं?" आत्या कडाडली. "जीभ झडेल!"

"आत्याबाई, मोटारीला नवरा असतो का?"

आळीतल्या बाया तोंडावर पदर घेऊन हसल्या. कुंकू राहिलं. मी जेवलो नाही, कुणी जेव म्हटलंही नाही.

शुक्रवारी सकाळी नाकाडाखालचं हँडल फिरवलं, तर पहिल्या हँडलला मोटार सुरू झाली. तिरल्याला गेलो. लसणाच्या गोण्या चढवायला अर्धा तास उन्हात उभी केली, आणि मग बया हलेना. हँडल मारून मारून दंड सुजले. तासाभरानं आपली आपण सुरू झाली, जसं काही झालंच नव्हतं. शनिवारी बाजाराच्या दिवशी भर हाटात तेच. माणसं जमली. इतकी माणसं माझ्या लग्नाला नव्हती. कुणी म्हणे धक्का मारा, कुणी म्हणे तेल संपलं, एकजण म्हणाला नजर लागली, उतरवा. शेवटी एका शेतकऱ्यानं आपल्या गाडीचे बैल सोडून मोटारीला जुंपले. बैल पुढं, मोटार मागं, आणि मी आत सुकाणू धरून, अशी आमची वरात निघाली ती नेमकी जुन्या पागेवरून. माझ्या बापानं जिथून दसऱ्याचे घोडे सजवून काढले, तिथून. कुंकवाची पाच बोटं समोर काचेवर. त्यांच्यामधून मला बैलांच्या शेपट्या दिसत होत्या.

घरी आलो तर बायको माळ्यावरची ट्रंक काढून पुसत होती.

रविवारी मी पुन्हा तिरल्याच्या रस्त्याला गेलो, एकटा. मुद्दाम बंद केली. पुन्हा अडली. मग मी हँडलला हातच लावला नाही. झाकण उघडून शेजारी दगडावर बसलो नि नुसता बघत राहिलो. अडणाऱ्या घोड्याकडं असंच बघायचं असतं. ओरडायचं नाही, कुठं चटका बसतोय ते शोधायचं. सकाळी गार असताना चालते, तापून थांबली की चालत नाही. म्हणजे कुठंतरी उष्णता धरते. हात लावत लावत गेलो. बाजूला कवठाएवढा एक पंप होता, टाकीतलं तेल वर ओढणारा, त्याला बोट लावलं तर फोड आला. आम्ही तापलेल्या घोड्याच्या पायांना ओलं पोतं गुंडाळायचो. माझ्याकडं पोतं नव्हतं, पंचा होता. लोट्यातल्या पाण्यात भिजवून पंपावर टाकला. दुसऱ्या हँडलला सुरू!

मी पुन्हा बंद केली, पुन्हा पंचा टाकला. पण लोट्यात पाणी उरलं नव्हतं, पंचा वाळला होता. नाही झाली सुरू. मग वाटलं, मघाशी झाली ती आपली आपणच झाली असेल, शुक्रवारसारखी. दोन तास उन्हात बसून घरी आलो, तर ओसरीवर माझी ट्रंक भरून ठेवलेली. धोतरं, बंडी, मेहुण्यासाठी डिंकाचे लाडू. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर थकलो होतो.

सोमवारी दुपारी मिस्त्री आला. मोटारीकडं बघून पहिलं वाक्य, "ये कुंकू किसने लगाया? सेठ बोलेगा सेकंड हैंड हो गई." मी चावी त्याच्या हातात दिली. त्याच मोटारीतून देवासला जायचं, मंगळवारी कचेरीत हजर व्हायचं, असं बायकोनं ठरवलं होतं. बसचं भाडं वाचत होतं. ट्रंक हौद्यात ठेवली. आत्या बाहेर आली नाही. आतून म्हणाली, "कुंकू लावलेलं परत पाठवतोय. तुझ्या बापानं आंधळी घोडी पोसली होती."

निघालो. गाव ओलांडून नाक्यापर्यंत झकास गेली. नाक्यावर मिस्त्रीला पान हवं झालं. "बस, आधा मिनट, चाचा." बंद केली. पान लावून घेतलं, चावलं, थुंकला, हँडल मारलं.

मी आत बसून राहिलो. त्यानं वीसएक हँडलं मारली. झाकण उघडलं, हे काढलं, ते फुंकलं, ते पुसलं. घामाघूम झाला. शेवटी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "चाचा, ये जात ही खराब है. सेठ तो हमको बोलता है, गिराहक के सामने इसको बंद ही मत करना."

मला असा संताप आला की काय सांगू! त्या विकणाऱ्या शेठचा आला, माझा आला, दगडावर बसून जे शोधलं त्यावर स्वतःच विश्वास ठेवला नाही याचा आला. आणि जात खराब! पागेत हे वाक्य तोच बोलायचा ज्याला बसता येत नसे.

मी उतरलो. चहावाल्याकडून बादली घेतली. पंचा भिजवला, पंपावर ठेवला. वाफ निघाली. पुन्हा भिजवला, पुन्हा ठेवला. मिस्त्री हसला, "चाचा, बुखार उतार रहे हो?" दोन विड्या होईपर्यंत थांबलो. मग हँडल मारलं. पहिलं वाया गेलं. दुसऱ्याला ती बोलली.

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो नि मोटार वळवली.

"चाचा! देवास इधर नहीं है!" मिस्त्री मागून धावत होता, तोंडातलं पान सांभाळत.

"पैसे घ्यायला घरी ये," मी ओरडलो.

लोकांचं खरं होतं, हे मी आज कबूल करतो. पुढं ती मोटार मी अकरा वर्षं चालवली आणि ती कुठं अडली नाही ते गाव मला सांगा. पंपानंतर गिअर गेले, गिअरनंतर दिवे. पण बादली आणि पंचा घेऊन मी तिला घरी आणायचोच. दुसऱ्या कुणाला दिली तर ती जागची हलायची नाही. मेहुणा दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

त्या दिवशी दारात आलो तेव्हा आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं, पुन्हा खाली बघून खडे काढायला लागली. बायको बाहेर आली. हौद्यातली ट्रंक बघितली, मला बघितलं, मागून धापा टाकत येणाऱ्या मिस्त्रीला बघितलं. मला वाटलं आता चार दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडणार. मी तयारही होतो.

ती आत गेली, ओलं फडकं घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं.

"काचेवरचं तेवढं पुसा," म्हणाली. "समोरचं दिसायला हवं."

मी काच पुसली. नाकाडावरचं राहू दिलं.