भावोजींचं हलकंफुलकं मशीन

आमचे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. एखादा स्क्रू जादा असला तर त्यांना खपत नाही आणि ढिला असला तर मुळीच नाही. माझ्या डोक्यातला एक ढिला आहे, हे त्यांनी ताईशी लग्न झालं त्याच दिवशी जाहीर केलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांनी घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची सिस्टीम टाकायला घेतली. तयार मिळतं ते नव्हे. यातला प्रत्येक प्रोग्राम मूळ कोडपासून घरीच बांधायचा, आणि त्यात काय हवं, काय नको, ते आपण ठरवायचं. लोक शर्ट विकत आणतात. भावोजी कापूस पिंजायला बसले. प्रिंटर नाही ना? मग छपाई काढा. ब्लूटूथ कशाला? काढा. तीन आठवडे पंखा घरघरत होता आणि पडद्यावरून ओळी धावत होत्या. "तयार सिस्टीम अर्ध्या तासात बसते," मी म्हणालो. लिफ्टमध्ये उड्या मारणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

ताई मात्र गप्प होती, आणि ताई गप्प असली की मला धडकी भरते. ती आयुष्यातली पहिली कथा स्पर्धेला पाठवणार होती. मुदत रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. कथा तिने ऑफिसात सवडीने टाइप करून स्वतःला मेल केली होती. शेवट तेवढा घरी लिहायचा होता.

रविवारी तीन वाजता मशीन नऊ सेकंदांत सुरू झालं. भावोजींची छाती फुगली. ताईने कथा उघडली. पानभर नुसते रिकामे चौकोन.

"अहो, माझं मराठी कुठंय?"

भावोजींनी यादी काढली. इंग्रजी सोडून सगळ्या भाषा त्यांनी 'नको'मध्ये टाकल्या होत्या. जो माणूस झोपेतसुद्धा मराठीत भांडतो, त्याने मराठीच अडगळ म्हणून काढली होती. मला हसू आवरेना, पण ताईचे डोळे भरलेले दिसले आणि ते घशातच राहिलं.

"पुन्हा बांधतो. सहा तास लागतील," ते हळूच म्हणाले.

"माझ्याकडे दोनच आहेत," ताई म्हणाली.

तयार सिस्टीमचा पेनड्राइव्ह मी आठवडाभर खिशात घेऊन हिंडत होतो. भावोजींनी हात पुढे केला. तीन आठवड्यांची मेहनत स्वतःच पुसली आणि मशीन विचारेल त्याला 'हो' म्हणत गेले. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. अर्ध्या तासात चौकोनांची अक्षरं झाली.

ताई शेवट लिहीत असताना भावोजी तिच्या खांद्यावरून वाचू लागले. कथेतल्या लिफ्टवाल्याने बायकोला वाढदिवसाला घड्याळ आणलं होतं, आणि तिने बघण्याआधीच त्याने ते उघडून त्यातले दोन काटे कमी केले होते.

"हा मी आहे का?"

"तुम्हीच."

"मला जरा काढून टाकता येईल?"

"येईल की. पण कथा पहिल्यापासून बांधावी लागेल."

पाचाला दहा मिनिटं कमी होती. भावोजींनी चष्मा पुसला, माऊस हातात घेतला आणि 'पाठवा'वर स्वतःच टिचकी मारली.